सतरावा प्रश्न

११ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून लिहायचं, अशी स्वरूपा मॅडमची आज्ञा आहे. आमच्या भाडे-एजंटांच्या संघटनेनं प्रमाणपत्र सुरू केलंय, त्याचा वर्ग आज चिंचवडच्या हॉलमध्ये भरला. पहिल्याच तासाला मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं रोजची वही ठेवायची, आणि तिच्यात डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, ऐकलेलं किंवा गृहीत धरलेलं नाही. मी बावन्न वर्षांची, त्या फार तर पस्तिशीच्या. शाळा सुटून जमाना झाला आणि आता गृहपाठ आला नशिबी.

चाळीसेक जण होते, त्यात बाई मी एकटीच. रहाटणीच्या एकानं मोठ्या अदबीनं विचारलं, मावशी, तुम्ही कुणाबरोबर आलात? म्हटलं, बाबा, मीच परीक्षेला बसलेय. तो बिचारा पुढे दिवसभर माझ्या नजरेला नजर देईना.

हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. घरच्या चार खोल्या भाड्यानं देता देता आज मोशीतल्या एकसष्ट खोल्या माझ्याकडे आहेत. त्यातल्या चोवीस धाकट्या दिरांच्या, रविराजभावजींच्या बिल्डिंगमधल्या. मालक कुणीही असो, किल्ली माझ्या कमरेला. भाडेकरू शोधणं, करारनामा, पोलिसांकडची नोंद, नळ गळला तर प्लंबर, सगळं मीच बघते. आणि खोली देते ती फक्त मुलींना. चाकणच्या कंपन्यांत ट्रेनी म्हणून येणाऱ्या, बीड-परभणी-नांदेडकडच्या. त्यांचे आईबाप माझ्या तोंडाकडे बघून पोरी ठेवून जातात. जयमालाताईंच्या खोलीवर मुलगी आहे म्हणजे घोर नाही, असं बोललं जातं, आणि ते ऐकून मला बरं वाटतं. खोटं कशाला लिहू.

आता एका मोठ्या कंपनीनं कळवलंय की फेब्रुवारीपासून त्यांच्या साठ मुली राहायला येतील, पण प्रमाणपत्र असलेल्या एजंटाकडेच. भावजींच्या निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत. ते म्हणाले, वहिनी, एवढं पास व्हाच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा वर्ग. मॅडम म्हणाल्या, आडनाव विचारून कुणाला खोली नाकारायची नाही. हॉलमध्ये सगळे आपापल्या वहीत बघायला लागले. मी आजवर कुणाला नाकारलं नाही, पण विचारते. का विचारते ते मला आज सांगता आलं नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

मग तपासणीचा फॉर्म. एकतीस प्रश्न, प्रत्येक खोलीचा वेगळा कागद. वायरिंग, दाराची कडी, पाण्याची टाकी, बाथरूम. खाली ‘वरील सर्व मी स्वतः पाहिले आहे’ असं वाक्य आणि सही. कुणीतरी विचारलं, एकाच नकाशाच्या चोवीस खोल्या असतील तर एक बघून भागणार नाही का? मला तो प्रश्न रास्तच वाटला. मॅडम म्हणाल्या, “नकाशा एक असतो. राहणारी माणसं वेगळी असतात. ती घरात काय काय बदलतात ते नकाशाला माहीत नसतं.” बोलतात छान. पण एकसष्ट खोल्यांच्या चाव्या सांभाळल्या असत्या तर एवढ्या छान बोलल्या नसत्या.

जेवणानंतर त्या गॅस गीझरवर अर्धा तास बोलल्या म्हणे. मी तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्यांसाठी मेडिकलवाल्याशी फोनवर भांडत बाहेर उभी होते. आपल्या बिल्डिंगमधले गीझर चांगले आहेत, दोन वर्षांत एकाही मुलीची तक्रार नाही. तेवढं बुडलं तर काही बिघडत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज डोकं असं तापलं की विचारू नका.

सकाळी खोली नऊमधल्या तिघी आल्या. बोलली ती तनुजा. गंगाखेडकडची आहे, वडिलांची पिठाची गिरणी आहे, इथे वायरिंगच्या कंपनीत लागलीये, वीस वर्षांची. एरवी तोंडातून शब्द निघत नाही. आज रडवेली झाली होती. बिल्डिंगच्या मागे नवी इमारत झालीये, तिच्या गच्चीवर सकाळी काही पुरुष उभे राहतात आणि बाथरूमच्या झरोक्याकडे बघतात. परवा एकाच्या हातात मोबाईल होता. ताई, आम्ही दोन दिवस आंघोळच केली नाही, म्हणाली.

तशीच चप्पल घालून त्या इमारतीत गेले. वॉचमनला, सेक्रेटरीला, जो दिसेल त्याला सुनावलं. त्यांनी हो-हो केलं. पण पुरुषांच्या हो-होवर मी मुली ठेवत नाही. शेखर फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं आणि मागच्या बाजूच्या आठही बाथरूमच्या झरोक्यांवर पत्रा ठोकून घेतला. नुसता ठोकला नाही, कडेनं सिलिकॉन मारून घेतलं, फट म्हणून ठेवली नाही. शेखर म्हणाला, ताई, हवेला थोडी जागा ठेवू का? म्हटलं, हवेला जागा ठेवलीस की नजरेलाही राहते. बंद कर.

संध्याकाळी तनुजा पाया पडायला आली. “आता निवांत आंघोळ करता येईल, ताई,” म्हणाली. मला भरून आलं. मला लेक नाही. असती तर तिच्यासाठी याहून वेगळं काय केलं असतं?

३ डिसेंबर, मंगळवार

परीक्षा झाली. पेपर बरा गेला. एक प्रश्न अनामत रकमेच्या पावतीचा होता, तो तर माझ्या रोजच्या कामातला.

फॉर्म उद्या द्यायचेत. एकसष्ट खोल्या गुणिले एकतीस प्रश्न. घरच्या चार आणि भावजींच्या बिल्डिंगमधल्या पुढच्या बाजूच्या पाच खोल्या मी फिरून, टॉर्च लावून पाहिल्या. नियमाप्रमाणे. मग सासूबाईंचा गुडघा सुजला, त्यांना शेक द्यायचा होता, आणि मुलीही शिफ्टला गेलेल्या. त्यांच्या मागे त्यांच्या खोल्या उघडणं मला आवडत नाही. बाकीचे फॉर्म स्वयंपाकघरात बसून भरले. भाजी शिजेपर्यंत वीस झाले.

सही करताना हात जरा थबकला, हेही लिहून ठेवते. पण भावजींची बिल्डिंग माझ्या डोळ्यांसमोर बांधली गेली. रोज पाणी मारायला मी जायचे. कुठल्या भिंतीत कुठला पाइप आहे ते मला झोपेत विचारा. सतरावा प्रश्न होता, ‘स्नानघरात गॅस गीझर असल्यास कायम उघडा राहणारा झरोका आहे का?’ आहे. प्रत्येक बाथरूमला आहे, काचेच्या पट्ट्यांचा, मीच पसंत केलेला. चोवीस वेळा ‘होय’ लिहिलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

पास झाले! चाळीसात सातवी आले.

परवा स्वरूपा मॅडम स्वतः पाहणीला आल्या होत्या. दहातली एक खोली बघतात. मी त्यांना पुढच्या बाजूच्या दोन दाखवल्या, तिसऱ्या मजल्यावर चढायच्या आधी त्यांना पुढच्या ठिकाणाहून फोन आला. निघताना म्हणाल्या, तुमचे फॉर्म सगळ्यांत स्वच्छ आहेत. मी चहा केला होता, तो अर्धा राहिला.

आज प्रमाणपत्र आणि गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं. भावजींनी ताबडतोब बोर्ड करून आणला, ‘प्रमाणित व्यवस्थापन’. सासूबाईंना ओळखपत्र दाखवलं. चष्मा लावून उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, “एवढ्यासाठी म्हैनाभर पळत हुतीस व्हय? आमी तर बिनकागदाची उभी हयात काढली.” पण शेजारणीला नंतर त्यांनीच बोलावून दाखवलं, ते मी आतून ऐकलं.

कंपनीचा मेल आला. एक फेब्रुवारीपासून साठ मुली.

२३ डिसेंबर, सोमवार

थंडी मी म्हणतेय. इंद्रायणीकडून सकाळी असा वारा येतो की गाडीवर हात गारठतात. मुली अर्धा-अर्धा तास गरम पाणी सोडून बसतात, गॅसचे सिलिंडर महिन्याच्या आत संपताहेत. आज सगळ्यांना दम भरला.

तनुजाचं काहीतरी बिनसलंय. आठवड्यात दोनदा शिफ्ट चुकली. डोकं ठणकतं, मळमळतं म्हणते. कंपनीत गेलं की दुपारपर्यंत बरं वाटतं, खोलीवर आलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मैत्रिणींनाही अधूनमधून होतं म्हणे. मी ओळखलं. मोबाईल बघत जागायचं, सकाळी न खाता पळायचं, आणि त्यात घरची आठवण. पहिल्या वर्षी सगळ्याच मुलींना होतं. सुंठ-गूळ दिला आणि सांगितलं, रोज गरम पाण्यानं डोक्यावरून आंघोळ कर, हलकं वाटेल. खाली मान घालून हो म्हणाली. गुणी मुलगी आहे.

५ जानेवारी, रविवार

नीट लिहिता येत नाहीये.

सकाळी दहाला फोन आला, ताई, तनुजा बाथरूममध्ये आहे, दार उघडत नाही. रविवार म्हणून तिघींनी न्हाणं काढलं होतं, एकीमागून एक. ती शेवटची गेली. मी पोहोचले तेव्हा शेजारच्या मुलींनी दार फोडलं होतं. ती खाली पडलेली, बादली वाहत होती, गीझर चालूच. आम्ही चौघींनी तिला चादरीत गुंडाळून खाली आणलं. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिच्या नावानं हाका मारत होते. ती ओ देत नव्हती.

दवाखान्यात लगेच ऑक्सिजन लावला, आयसीयूत नेलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, बाथरूममध्ये गॅस गीझर होता का? म्हटलं, होता. हवा जायला जागा होती का?

मी म्हणाले, “झरोका आहे.”

तोंडपाठ असल्यासारखं बाहेर पडलं. फॉर्मवर लिहिलं होतं तसंच. डॉक्टर आत गेले. मी बाकावर बसले आणि मग मला शेखरचा आवाज आठवला, हवेला थोडी जागा ठेवू का.

७ जानेवारी, मंगळवार

तिनं काल डोळे उघडले. जीव वाचला. पण शब्द सापडत नाहीत तिला. पाणी हवं तर बोटानं दाखवते, आणि ते बोटही थरथरतं. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गीझरच्या ज्योतीमुळे विषारी वायू साठतो, त्याला ना वास ना रंग. मेंदूला हवा कमी पडली. किती भरून येईल ते आज सांगता येत नाही. आधीपासून डोकं दुखायचं का, असं त्यांनी विचारलं. सुंठ-गूळ दिला होता, आणि रोज डोक्यावरून आंघोळ कर म्हणून सांगितलं होतं. ते डॉक्टरांना सांगितलं नाही. इथे लिहिलं.

भावजी आले होते. त्यांनी दवाखान्यात आधीच सांगून टाकलंय की मुलीनं काही खाल्लं नव्हतं, चक्कर आली, पडली. मला जिन्यात बाजूला घेतलं. वहिनी, पत्र्याचं कुठे बोलू नका, म्हणाले. प्रमाणपत्र जाईल, साठ मुली जातील, पोलीस येतील, आणि नाव आपल्या घराचं जाईल. नऊ नंबरचा पत्रा आज काढून टाकू, बाकीचे हळूहळू, एकदम काढले तर लोकांच्या डोळ्यांवर येईल. ते वाईट नाहीत.

मी हो म्हणाले. बाकीच्या मुलींना सांगितलं, गीझरची सर्व्हिसिंग आहे, आठवडाभर वापरू नका. हे मी केलं.

१० जानेवारी, शुक्रवार

तनुजाचे वडील, धोंडीबा, सोमवारपासून इथेच आहेत, दवाखान्याच्या व्हरांड्यात. उंच, वाळका माणूस. भुवयांत पीठ बसलेलं कायमचं. आज मी डबा घेऊन गेले तर पिशवीतून ज्वारीच्या पिठाची पुडी काढून माझ्यापुढे धरली. पुतण्याकडून मागवली होती, खास माझ्यासाठी. त्यांच्या गिरणीवर दळलेलं.

मी म्हटलं, दादा, हे कशाला? तर त्यांनी हात जोडले.

“ताई, तुमी लई केलं लेकरासाठी. ती फोनवर सांगायची ना, लोक बघायलते म्हणून तुमी त्या लोकायला जाऊन भांडलात, अन् खिडकीला पत्रा लावून देला. तिची माय त्या दिशी पहिल्यांदा झोपली बघा.”

मी ती पुडी घेतली. घेतली मी ती, आणि रिक्षानं परत आले.

बिल्डिंगच्या खाली उतरले तर खोली बाराची मुलगी जिन्यात केस पुसत उभी होती, केसांतून वाफ निघत होती. गीझर लावलास? ती हसली, म्हणाली, ताई, एकदाच, फार थंडी होती, आणि सर्व्हिसिंगच आहे ना. मी तिचा दंड एवढा घट्ट धरला की ती घाबरली. तिची काय चूक? सर्व्हिसिंगला कोण घाबरतं? बाराच्या झरोक्यावर अजून पत्रा आहे. सात झरोक्यांवर आहे.

सासूबाईंनी विचारलं, काय झालंय, चार दिस तोंडात घास जात न्हाई तुझ्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाल्या, “कोंबड्यांच्या खुराड्याला बी आमी फट ठेवायचो गं.” मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी सातला शेखरला घेऊन गेले. सातही पत्रे काढायला लावले. एक माझ्या हातानं उचकटला, हाताला लागलं, ठीक आहे. गीझरचे सिलिंडर सोडवून खाली आणले. मग पहिली शिफ्ट नसलेल्या सगळ्या मुलींना पार्किंगमध्ये बोलावलं आणि सांगितलं, तनुजाला चक्कर आली नव्हती. पत्रा मी लावला होता. हवा जायला जागा नव्हती. सर्व्हिसिंग हे मी खोटं सांगितलं. तुमची डोकी दुखत होती ती थंडीनं नव्हती.

बाराची मुलगी रडायला लागली. एकीनं तिथूनच घरी फोन लावला.

भावजी आले. कधी नव्हे ते माझ्यावर ओरडले, सगळ्यांसमोर. घर बुडवलंत म्हणाले. मी म्हटलं, भावजी, घर बुडालं तर बांधता येईल. त्यांनी बोर्ड स्वतःच उतरवला आणि गाडीत टाकून गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी आधी डॉक्टरांना, मग पोलीस चौकीत खरं सांगून जबाब दिला. मग चिंचवडला गेले. स्वरूपा मॅडमच्या टेबलावर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र ठेवलं, आणि बावन्न फॉर्म मी घरी बसून भरल्याचं सांगितलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी माझी फाइल काढली, खोली नऊचा कागद शोधला, सतराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. त्याखाली माझी सही होती, आणि तिच्या शेजारी त्यांची.

“त्या दिवशी मी अजून एक मजला चढले असते तर,” त्या म्हणाल्या. “तुमच्या अक्षराकडे बघून मी सही केली.”

मग त्यांनी रीतसर सगळं लिहून घेतलं. माझं प्रमाणपत्र रद्द, त्यांच्या पाहणीचा अहवाल समितीपुढे जाणार. कंपनीलाही आजच कळवतील. साठ मुली गेल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

मालकांपैकी दोघांनी किल्ल्या परत घेतल्या. तिसरे म्हणाले, विचार करतो. नऊ मुली खोल्या सोडून गेल्या, त्यांची अनामत त्याच दिवशी दिली. भावजींचा फोन नाही. पण आज शेखर म्हणाला, चोवीसही गीझर बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत काढायचं काम त्यांनी त्याला दिलंय, आणि झरोक्यांना काचेऐवजी पत्र्याच्या आडव्या तिरक्या पट्ट्या, हवा येईल पण समोरून दिसणार नाही अशा. असल्या पट्ट्या मिळतात हे मला माहीत नव्हतं. शेखरला माहीत होतं. त्याला त्या दिवशी बोलू दिलं असतं तर.

धोंडीबांना अजून सांगितलेलं नाही. डॉक्टरांना आणि चौकीतही म्हटलं होतं, त्यांना मीच सांगेन. सगळ्या जगाला सांगून झालं, दवाखान्यात मात्र रोज डबा देते आणि रोज त्यांचा नमस्कार घेऊन येते. पिठाची पुडी न उघडता देवळीत ठेवलीये. स्वयंपाक करताना दिसते.

२२ जानेवारी, बुधवार

तनुजाला आज घरी सोडलं. बोलते आता, सावकाश, एखादा शब्द शोधत. उजवा हात थरथरतो. कंपनीत तिचं काम बारीक वायरी खाचेत बसवायचं होतं. ते आता होणार नाही, निदान वर्षभर तरी, असं डॉक्टर म्हणाले.

मी त्यांना वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर सोडायला गेले. पुडी बरोबर घेतली होती. गाडीला वेळ होता. बाकावर तिघं बसलो, ती मध्ये. मी म्हटलं, दादा, मला सांगायचंय. आणि सांगितलं. पत्र्यानंच झालं. शेखर हवेला जागा ठेवू का म्हणाला होता, मी नको म्हटलं. कागदावर झरोका उघडा आहे असं न बघता लिहिलं. तिचं डोकं दुखायचं तेव्हा मी तिला त्याच बाथरूममध्ये रोज पाठवलं. आणि तुमचा नमस्कार बारा दिवस घेतला.

सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. समोर एका गाडीचा कंडक्टर पाट्या बदलत होता, तिकडे बघत बोलले.

माझं संपल्यावर बोलली ती तनुजा. एकेक शब्द जोडत.

“पत्रा... मीच... म्हणले होते, ताई. मी... रडले होते.”

इतके दिवस मला रडू आलं नव्हतं. तिथे, स्टँडवर, लोकांसमोर आलं. मी तिचा तो थरथरता हात धरला आणि म्हटलं, नाही गं. तू अडचण सांगितलीस. बघायचं काम माझं होतं. तू नाही.

पुडी मी धोंडीबांच्या पिशवीजवळ ठेवली. त्यांनी ती उचलून परत माझ्या मांडीवर ठेवली. दिलेलं पीठ कुणी परत नेत नसतंय, म्हणाले. गाडी लागली. त्यांनी आधी लेकीला चढवलं, पिशव्या चढवल्या, आणि पायरीवर एक पाय ठेवून मागे वळले. आज हात जोडले नाहीत.

“बाकीच्या लेकरायच्या खिडक्या?” त्यांनी विचारलं.

“उघडल्या, दादा. आठही.”

“तुमी सोता बघितल्या?”

“बघितल्या.”

त्यांनी मान हलवली आणि आत गेले. खिडकीशी तनुजा बसली होती. गाडी वळेपर्यंत ती डाव्या हातानं काच मागे सरकवायचा प्रयत्न करत होती. मग वडिलांनी हात पुढे करून ती सरकवून दिली.

बघितल्या म्हणाले खरी, आणि बघितल्याही होत्या. तरी पुडी घेऊन घरी न जाता आधी बिल्डिंगवर गेले. मुलींना आवाज दिला, परवानगी घेतली आणि आठही बाथरूममध्ये जाऊन झरोक्याला हात लावून बघितला. मग खाली पार्किंगमध्ये बसून एकेका खोलीचा नंबर लिहिला आणि त्याच्यापुढे, हवा येते, असं लिहिलं.